दीडशेचे तीनशे करताना : काय करावे, काय टाळावे

औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडा ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली आणि दोन-तीन वर्षांत तिचा आरएस अवतार आपल्या रस्त्यांवर आला. १.८ लिटर, चार सिलिंडर, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व, टर्बो आणि १५० घोडे. त्या गाड्या आता विशीत आहेत. मधूनच एखादा तरुण ती माझ्या शेडसमोर उभी करतो आणि विचारतो, "काका, तीनशे होतील का?"

होतात. बूस्ट वाढवला, फाइल बदलली की जवळपास संध्याकाळपर्यंत होतात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकतात का, ते आधी विचारायला हवं. पार्टांची यादी कोणीही देईल. खाली बहुतेक मोजमापाबद्दल लिहिलंय, कारण माझ्याकडे पुन्हा उघडायला आलेली इंजिनं हलक्या पार्टमुळे थोडी आली आणि कोणी मोजलं नाही म्हणून जास्त आली.

उदाहरण या १.८ टर्बोचंच घेतो. लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, बोअर ८१ मिलिमीटर, स्ट्रोक ८६.४, एकूण १७८१ सीसी. तुमचं इंजिन दुसरं असेल तर आकडे बदला, पद्धत तीच ठेवा.

आकडा ठरवताना

करा : घोडे किती हे ठरवताना ते किती आरपीएमवर, हेही ठरवा. ३०० घोडे ६५०० आरपीएमवर काढले तर त्या क्षणी टॉर्क साधारण ३२४ न्यूटन-मीटर असतो. तेच ३०० घोडे ४५०० वर काढायचे म्हटलं तर ४६८ लागतात. कंपनीचा मूळ टॉर्क २१० आहे. डायनोच्या कागदावर दोन्ही गाड्या "तीनशेच्या", पण कनेक्टिंग रॉडला विचाराल तर दोन वेगळ्या जातीच्या.

कारण असं : रॉड वाकतो तो स्फोटाच्या दाबाने, आणि हा दाब सर्वांत भारी असतो कमी आरपीएमवर पूर्ण बूस्ट दिल्यावर. रॉडचा बोल्ट तुटतो तो वेगाने. पिस्टन वर जाऊन थांबतो, उलटा फिरतो, तेव्हा त्याला खाली ओढायचं काम बोल्टचं. ती ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. ६५०० वरून ८००० वर गेलात तर आरपीएम २३ टक्के वाढले, ओढ मात्र दीडपट झाली. दोन्हीकडे खड्डा आहे. मधून जायचं तर टर्बो साधारण ३५०० ते ४००० मध्ये भरेल असा निवडा आणि लिमिटर ७२०० च्या आसपास ठेवा.

टाळा : छोट्या टर्बोला पिळून २५०० आरपीएमवर धक्का मिळवणं. सीटला पाठ चिकटते, मित्र खूश होतात. या इंजिनाच्या पुढच्या काळातल्या रॉडचे तसेही हाल असतात, धक्क्याने तो आधी जातो.

टाळा : "आत्ता तीनशेचं बांधू, पुढे चारशे करू." पुढे चारशे करणार असाल तर आत्ताच चारशेचं बांधा आणि तीनशेवर चालवा. तीनशेचं बांधून चारशेवर चालवलेलं इंजिन कसं संपतं ते सांगत बसत नाही.

करा : कायदा वाचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका उचलून धरली. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी बाहेर येतो. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, कोइंबतूर आणि चेन्नईजवळ ट्रॅक आहेत. असलं इंजिन तिथं न्या, तेही ट्रेलरवर.

उघडताना

करा : इंजिन उतरवण्याआधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन दोन्ही तपासा, चारही सिलिंडरचे आकडे वहीत लिहा. नवीन इंजिनाशी तुलना करायला नंतर हेच आकडे उपयोगी पडतात.

करा : जुनी बेअरिंग उतरवाल त्याच क्रमाने फळीवर मांडा. एकेक पाहा. रॉडच्या बेअरिंगची वरची वाटी जास्त खाल्ली असेल तर स्फोटाचा मार बसलाय, म्हणजे बहुधा नॉकिंग. मेन बेअरिंगमध्ये तोच मार खालच्या वाटीवर दिसतो. सगळ्या वाट्यांवर बारीक ओरखडे असतील तर तेलातून कचरा गेलाय. ज्यांनी या वाट्या न बघता भंगारच्या डब्यात टाकल्या, त्यांनी इंजिनाचा पंचनामाच फाडून टाकला.

करा : संप काढल्यावर तेलाच्या पंपाची जाळी बघा. या कुळातल्या इंजिनांत गाळ धरून जाळी बुजण्याचा रोग जुना आहे. जाळी धुऊन परत लावू नका, नवी घ्या. इंजिनाच्या एकूण खर्चापुढे तिची किंमत म्हणजे चहा-पाणी.

करा : हेडला चिरा बघण्यासाठी डाय मारा, खास करून दोन व्हॉल्व सीटच्या मधल्या अरुंद पुलावर. लोखंडी ब्लॉक आणि क्रँकला चुंबकाची तपासणी.

टाळा : हेडचे आणि रॉडचे मूळ बोल्ट पुन्हा वापरणं. ते ताणून बसवायचे बोल्ट आहेत, एकदाच ताणायचे. "दिसायला नवे आहेत" हे वाक्य माझ्या शेडमध्ये बोलायला बंदी आहे.

ब्लॉक

इथं थोडा वेळ थांबू, कारण निम्मं इंजिन इथंच ठरतं.

करा : आधी पिस्टन हातात घ्या, मग बोअर करायला द्या. चारही पिस्टन बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवर मायक्रोमीटरने मोजा, पिस्टनवर मार्करने १, २, ३, ४ लिहा, आणि बोअरवाल्याला चार वेगळी मापं द्या. "८१.५ करून टाका" असं फोनवर सांगणं म्हणजे शिंप्याला "मध्यम शर्ट शिव" सांगण्यासारखं.

टाळा : फक्त सीसी वाढवण्यासाठी बोअर वाढवणं. ८१ चं ८३ केलं तर १७८१ सीसीचे साधारण १८७० होतात, पाच टक्के. त्यासाठी प्रत्येक भिंतीतून एक मिलिमीटर लोखंड गेलं. टर्बो इंजिनात हे पाच टक्के बूस्टच्या एका चिमटीत मिळतात, पातळ झालेली भिंत मात्र परत जाड होत नाही. सिलिंडर ८१.५ मध्ये स्वच्छ निघत असेल तर तिथंच थांबा. ८३ वर जायचंच असेल तर भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजल्याशिवाय नको.

करा : होनिंग टॉर्क प्लेट लावूनच. हेड जागी नसताना गोल असलेलं सिलिंडर हेड आवळल्यावर गोल राहत नाही, बोल्टच्या जागी किंचित खेचलं जातं. प्लेट हेडच्याच टॉर्कने आवळून, शक्यतो त्याच स्टडने आणि गॅसकेटसह, मगच होनिंगचे दगड फिरवायचे. तुमच्या मशीनशॉपकडे प्लेट नसेल तर करून घ्या. जाड पोलादी प्लेट, मधे चार भोकं, कडेने बोल्टची भोकं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम न करू शकणारा टर्नर शोधावा लागेल.

करा : मोजायच्या आदल्या रात्री ब्लॉक, पिस्टन आणि मायक्रोमीटर एकाच खोलीत ठेवा. हे ऐकून पोरं हसतात. ॲल्युमिनियमचा ८१ मिलिमीटरचा पिस्टन एका अंशाला साधारण १.९ मायक्रॉन फुगतो, लोखंडी बोअर ०.९. मेच्या दुपारी पत्र्याखाली ठेवलेला पिस्टन पंख्याखालच्या ब्लॉकपेक्षा १५ अंश गरम असेल तर मापात २८ मायक्रॉनची खोट येते. तुम्ही जो फट ठेवण्याचा आटापिटा करताय, तिचा तिसरा हिस्सा उन्हाने खाल्ला.

करा : धुवा. मग पुन्हा धुवा. होनिंगनंतर ब्लॉक गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रशने घासायचा. तेलाच्या गॅलरीचे सगळे प्लग काढून त्यातून लांब ब्रश फिरवायचा. पांढरं सुती फडकं तेल लावून बोअरमध्ये फिरवलं आणि करडं निघालं की पुन्हा साबण. फडकं पांढरंच निघालं की वाऱ्याने वाळवून लगेच तेल चोळायचं, नाहीतर दहा मिनिटांत तांबूस गंज धरतो.

टाळा : डिझेलने धुवून "झालं" म्हणणं. डिझेल चिकट तेल काढतं, होनिंगची भुकटी तशीच खाचांत राहते. हे मी शिकलो ते दुसऱ्याच्या चुकीतून नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मित्राचं इंजिन शनिवारी रात्री बांधून द्यायचं होतं, रविवारी त्याला घाटात जायचं होतं. गॅलरीचा एक प्लग अडकला होता, म्हणून तसाच ठेवला आणि डिझेल मारलं. मापं सगळी बरोबर, टॉर्क बरोबर. साडेतीनशे किलोमीटरवर तिसऱ्या नंबरचं बिग एंड बोलायला लागलं. उघडलं तर वाटीवर राखाडी लेप, क्रँकवर खोबणी. क्रँक गेला, बेअरिंग गेली, आणि मित्र दोन महिने फोन उचलेना. तो प्लग ड्रिलने काढायला वीस मिनिटं लागली असती.

पिस्टन आणि रिंगा

फोर्ज्ड पिस्टन दोन मिश्रधातूंत मिळतात. ४०३२ मध्ये सुमारे बारा टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळे तो कमी फुगतो आणि बोअरमध्ये घट्ट बसवता येतो. २६१८ मध्ये सिलिकॉन नावालाच. तो जास्त फुगतो, पण नॉकिंगचा मार खाल्ला तर फुटण्याआधी थोडा वाकतो. रस्त्यावर चालणाऱ्या आणि नीट ट्यून होणाऱ्या तीनशेसाठी मला ४०३२ पुरेसा वाटतो. त्यावर जायचं असेल तर २६१८ घ्या आणि सकाळी थंड इंजिनाचा टकटक आवाज सहन करा. तो आवाज गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने तीन गॅरेजांत दाखवला. प्रत्येकाने वेगळा रोग सांगितला. इंजिन ठणठणीत होतं.

करा : पिस्टन आणि बोअरमधली फट बनवणाऱ्याच्या कागदावरून घ्या. ४०३२ ला साधारण ५ ते ७ शतांश, २६१८ ला ७ ते १० शतांश मिलिमीटर. मूळ ओतीव पिस्टनची फट इथं लावाल तर गरम झाल्यावर पिस्टन भिंतीला चिकटेल.

करा : रिंगेची फट हाताने घासून जमवा. बूस्टच्या इंजिनाला मी बोअरच्या दर मिलिमीटरला ५ मायक्रॉन धरतो. ८१ च्या बोअरला वरच्या रिंगेची ४० शतांश, दुसरीची त्याहून थोडी जास्त, ४५ च्या आसपास. जास्त बूस्ट असेल तर वरची ४८ पर्यंत नेतो. रिंग ज्या बोअरमध्ये बसणार त्याच बोअरमध्ये, पिस्टनने ढकलून सरळ करून, फिलर गेजने मोजा.

टाळा : फट घट्ट ठेवून कॉम्प्रेशन वाचवायला जाणं. फट मोठी राहिली तर थोडा धूर क्रँककेसमध्ये जातो, इतकंच. फट लहान राहिली तर बूस्टमध्ये रिंग तापून तिची टोकं एकमेकांना भिडतात, आणि मग रिंग पिस्टनचा काठच उचकटून घेते. पहिल्या चुकीची शिक्षा तेलाची एखादी बाटली, दुसऱ्या चुकीची नवा ब्लॉक.

टाळा : घासलेल्या टोकाची कोर तशीच ठेवणं. बारीक दगड एकदा फिरवा. रिंगेवरची "टॉप"ची खूण वर आहे ना, हे दुसऱ्या माणसाकडून बघून घ्या. रात्री अकरानंतर आपल्याच डोळ्यांवर विश्वास ठेवू नये.

रॉड

करा : मागवण्याआधी पिन मोजा. या इंजिनाच्या सुरुवातीच्या काळात गजन पिन २० मिलिमीटरची होती, पुढे १९ ची आली. पिस्टन एका पिनचे आणि रॉड दुसऱ्या पिनचे मागवून डोक्याला हात लावून बसलेले लोक मी पाहिलेत. रॉडची लांबी १४४ मिलिमीटर, दोन्हींत तीच, म्हणून घोटाळा होतो.

करा : रॉडचे बोल्ट टॉर्कऐवजी ताणावर आवळा. बोल्टची लांबी सैल असताना मोजायची, आवळत जायचं, आणि बनवणाऱ्याने सांगितली तितकी लांबी वाढली की थांबायचं. टॉर्क रेंच घर्षण मोजतो. आट्यांत तेल कमी-जास्त झालं की आकडा तोच दिसतो आणि बोल्ट मात्र वेगळा ताणलेला असतो. स्ट्रेच गेज नसेल तर निदान बोल्टसोबत आलेलंच ग्रीस वापरा आणि त्याच ग्रीसचा टॉर्क आकडा धरा.

करा : चारही पिस्टन आणि रॉड वजन करून एक ग्रॅमच्या आत आणा. सोनाराचा काटा चालतो, मी तोच वापरतो.

टाळा : रॉडची टोपी अदलाबदल. क्रमांक आधीच कोरा.

बेअरिंग आणि तेल

जर्नलच्या दर मिलिमीटरला एक मायक्रॉन, हा जुना अंगठ्याचा हिशेब अजून चालतो. रॉडचा जर्नल ४७.८ म्हणून फट ४८ मायक्रॉन, मेनचा ५४ म्हणून ५४. वाटी रॉडमध्ये बसवा, बोल्ट पूर्ण आवळा, मग डायल बोअर गेजने आतलं माप घ्या आणि त्यातून जर्नलचं माप वजा करा.

टाळा : फक्त प्लास्टिगेजवर भरवसा. ती पट्टी पडताळणीसाठी चांगली, मापासाठी नाही.

टाळा : फट चुकली तर "जाड तेल टाकू". गरम इंजिनात दर हजार आरपीएमला १० पीएसआय ही जुनी अपेक्षा आहे. ती जाड तेल ओतूनच पूर्ण होत असेल तर तेलाचा दाब तुम्हाला बेअरिंगचा हिशेब सांगतोय, तो ऐका. तेलाचा ग्रेड फटीवरून ठरतो, बरणीवरच्या रेसकारवरून नाही.

करा : संपमध्ये आडवे पत्रे घाला. लांब वळणावर तेल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो, आणि ती दोन सेकंदं बेअरिंगला पुरतात. तेलाचा कूलर मोठा घ्या. टर्बोला जाणारी तेलाची नळी नवी. जुनीच्या आत जळलेल्या तेलाचा कोळसा साचलेला असतो.

हेड

एक छोटा हिशेब. ८१ च्या पिस्टनचं क्षेत्रफळ साडेएक्कावन्न चौरस सेंटिमीटर. आत १०० बार दाब झाला तर पिस्टनवर आणि हेडवर साधारण सव्वापाच टन. जोरात बूस्ट दिलेल्या इंजिनात तो १२० बारला जाऊ शकतो, म्हणजे सहा टनांच्या वर. हे मिनिटाला हजारो वेळा, आणि हेड धरून ठेवायला दहा बोल्ट.

करा : मूळ बोल्टऐवजी स्टड. स्टड ब्लॉकमध्ये हाताने घट्ट, वरून नट तीन टप्प्यांत, मधून बाहेर. बहुपदरी पोलादी गॅसकेट, आणि त्यासाठी दोन्ही पृष्ठं आरशासारखी गुळगुळीत. लेथवाल्याने "घासून दिलंय" म्हटलं तरी नखाने तपासा; नख अडकलं तर परत.

टाळा : या गॅसकेटला शेलॅक किंवा सिलिकॉन लावणं. जुन्या मिस्त्रींची सवय आहे, प्रेमाने समजावा.

टाळा : हेड गरजेपेक्षा जास्त घासणं. कॉम्प्रेशन वाढतं, कॅमचं टायमिंग सरकतं, आणि बूस्टमध्ये नॉकिंग जवळ येतं.

टायमिंग बेल्ट, टेन्शनर नवे. पाण्याच्या पंपात प्लास्टिकचा पंखा असेल तर तो फेकून धातूच्या पंख्याचा पंप घ्या. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व भेटतात.

हवा, पेट्रोल, ट्यून

करा : इंजेक्टरचा हिशेब कागदावर करा. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात एका घोड्यामागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल पितं. ३०० घोड्यांना तासाला ८१ किलो, एका इंजेक्टरच्या वाट्याला वीस. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त उघडा ठेवायचा नाही म्हटलं तर मिनिटाला ५७० सीसीचा लागतो.

आता यात इथेनॉल मिसळा. आपल्या पंपावर आता वीस टक्क्यांचं पेट्रोल आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. तेवढ्याच हवेला जवळपास नऊ टक्के इंधन जास्त. म्हणजे इंजेक्टर ६२० च्या आसपास, आणि पंपही त्याच प्रमाणात. इथेनॉलचा फायदाही आहे, ते नॉकिंगला चांगला विरोध करतं. इंडियन ऑइलचं शंभर ऑक्टेनचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये आलं, तेव्हा पहिल्या टप्प्यातच मुंबई आणि पुण्यात मिळू लागलं. ते नेहमी मिळणार असेल तरच त्यावर ट्यून करा. गावाकडे जाताना साधं भरावं लागणार असेल, तर ट्यून साध्यावर.

टाळा : मीटरवर १४.७ किंवा १२ च्या आकड्यांत बोलणं. इंधन बदललं की ते आकडे खोटं बोलतात. लॅम्डात बोला. बूस्टमध्ये ०.८ च्या आसपास, वाइडबँड सेन्सरवर. कंपनीचा साधा सेन्सर एक या आकड्यापाशीच नीट वाचतो, त्यावर विसंबून बूस्ट वाढवणं म्हणजे अंधारात विहीर ओलांडणं.

करा : ट्यून उन्हाळ्यात, दुपारी. लोक डिसेंबरच्या सकाळी डायनोवर जातात, थंड दाट हवेत मोठा आकडा मिळतो, फोटो काढतात. एप्रिलमध्ये मराठवाड्यात चाळीसच्या वर पारा गेला, इंटरकूलर तापला, की तेच टायमिंग नॉकिंगला जागा देतं. मूळ इंटरकूलर चाकाजवळच्या कोपऱ्यात आहे, लहान आहे, तीनशेसाठी पुढे बंपरमागे मोठा हवा. इंजिन जितकी शक्ती चाकाला देतं, साधारण तितकीच उष्णता पाण्यात टाकतं आणि तितकीच सायलेन्सरमधून बाहेर. रेडिएटर दीडशेचाच ठेवून तीनशे मागू नका.

टाळा : दुसऱ्याच्या गाडीची फाइल. त्याचा टर्बो, त्याचं पेट्रोल, त्याची हवा वेगळी. पेनड्राइव्हवर आलेल्या फाइलने वितळलेला पिस्टन मी खिडकीत ठेवलाय, येणाऱ्यांना दिसावा म्हणून.

क्लच, ब्रेक, एक्सल हेही तीनशेचे हवेत, हे सांगायची गरज पडू नये. पडते.

पहिले काही किलोमीटर

करा : स्पार्क प्लग काढून, इंधन बंद ठेवून स्टार्टर फिरवा, तेलाचा दाब गेजवर दिसेपर्यंत. टर्बोच्या नळीत आधी हाताने तेल भरा. मग प्लग लावा.

करा : सुरू झाल्यावर गळती बघा, पाणी बघा, आणि लवकर रस्त्यावर काढा. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मध्यम जोर द्या, पॅडल सोडा, इंजिनाला स्वतःच्या ब्रेकने उतरू द्या. पुन्हा. रिंग बसते ती जोर देण्या-सोडण्याने.

टाळा : नवं इंजिन तासभर न्यूट्रलवर घुरघुरत ठेवणं. जुन्या गावठी सल्ल्यांपैकी हा सर्वांत महागडा. रिंगेला दाब मिळत नाही, बोअर चमकून गुळगुळीत होतो, आणि मग आयुष्यभर तेल पीत राहतो.

टाळा : पहिल्याच दिवशी सिंथेटिक. पहिलं साधं मिनरल तेल, ५० किलोमीटरवर काढा. पुढचं ५०० वर, त्यापुढचं १५०० वर. बूस्ट तोपर्यंत मूळ दाबावर.

करा : पहिला फिल्टर कापा. पत्रा कटरने उघडा, आतली घडी पसरा, पिळा, उजेडात धरा, चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते लोखंड, थोडं असणारच. ॲल्युमिनियमची बारीक चकाकी सुरुवातीला चालते. तांबूस-पिवळे कण दिसले तर बेअरिंग बोलतंय, गाडी तिथंच बंद करा.

बाकी काही शंका असेल तर फोन करा, पण कापलेल्या फिल्टरचा फोटो आधी पाठवा.